दादा आणि जहाजाचे सगळे भाग

२ मार्च ८६, रविवार

मुलुंडला गेले. दादाला अर्धांगाचा झटका आला त्याला चारेक महिने होतील. हात बराच सुटलाय, कप धरतो. बोलणं तसंच. शब्द येतात, पण भलतेच. आज चहाला साबण म्हणाला आणि लगेच स्वतःच मान हलवली. चूक कळते त्याला. तेच वाईट.

वहिनीने भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. जेवताना सांगितलं की शाळेचे हेडसर येऊन गेले. एप्रिलअखेर दादाला डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचंय. बोर्डाने अनफिट ठरवलं तर त्याची नोकरी जाईल, पण त्याच्या जागी वहिनीला शाळेच्या ऑफिसात घेतील. संस्थेने तसं कबूल केलंय. फिट ठरवलं तर जूनपासून वर्गावर जायचं. आठवी-नववीचं विज्ञान.

मी म्हटलं, मग बरं होऊ दे ना त्याला. वहिनी भांडी घासत राहिली.

घाटकोपरला पोचेपर्यंत पायांचे तुकडे. उद्या स. ड्यूटी.

५ मार्च, बुध

वहिनीला ताप, म्हणून दादाला हॉस्पिटलात मी नेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रजा मागताना सुपरवायझरचं तोंड वाकडं. असो.

वाचा शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत. कार्डावरची चित्रं दाखवतात. कुलूप, छत्री, मांजर. दादा खिडकीबाहेर बघत होता. एवढा भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, त्याला मांजर विचारायचं.

बाईंनी मला विचारलं, पूर्वी हे कशावर भरभरून बोलायचे? मी म्हटलं, जहाजवाल्या पिक्चरवर. मग सगळं समजावत बसावं लागलं. इंग्रजी पिक्चर. आकाशात फिरणारं जहाज, एक कॅप्टन, एक डॉक्टरीण. पंचवीसेक वर्षांत सहा भाग निघाले. पहिले तीन मी शाळेत असताना, मधले दोन मी नोकरीला लागल्यावर, सहावा अलीकडे. दादाचं म्हणणं, पहिले तीनच खरे. माझं म्हणणं, मधले दोन. यावरून आम्ही लग्नाच्या पंगतीत भांडलोय, आईच्या आजारपणात भांडलोय.

बाई म्हणाल्या, "मग भांडा की त्यांच्याशी. मांजर विचारण्यापेक्षा ते बरं."

त्यांना सोपं वाटतं.

९ मार्च, रवि

मुलुंडच्या व्हिडिओ लायब्ररीतून व्हीसीआर आणि पहिल्या भागाची कॅसेट आणली. दुबईहून आलेली कॉपी, खाली सगळीकडे अरबी अक्षरं. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, दादाचा टीव्हीही तसलाच, त्यामुळे काही बिघडलं नाही.

हा भाग आम्ही कुर्ल्याला रविवारच्या सकाळच्या खेळाला पाहिला होता. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. दादा कानाशी लागून मराठीत सांगायचा. पुढच्या रांगेतला माणूस वळून शिव्या द्यायचा.

आता बारा-पंधरा वर्षं रोज कानाला हेडफोन लावून इंग्रजी ऐकतेय, म्हणून आज सगळं कळलं. आणि हे काय निघालं. जहाजाचं इंधन संपत आलंय, सगळ्यांना घरी परतायचंय, डॉक्टरणीला मात्र त्या परक्या ग्रहावरच्या गावात आजाऱ्यांजवळ राहायचंय. कुर्ल्याला ऐकलं तेव्हा तिथे कॅप्टन तिला म्हणाला होता, "आयुष्य तुझं आहे. दुसऱ्या कुणाला विचारत बसू नकोस." हे वाक्य मला अजून पाठ आहे. टेलिफोनच्या ट्रेनिंगची चिठ्ठी आली आणि आईने त्याच महिन्यात साताऱ्याकडचं स्थळ आणलं, तेव्हा मी हेच वाक्य आईच्या तोंडावर मारलं होतं. स्थळ गेलं. नोकरी मिळाली. पुढे सगळं जे झालं ते झालं.

पिक्चरमध्ये कॅप्टन तसलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, खाली बसा आणि आता एक शब्द नको. ती बसते. जहाज घरी जातं.

मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तेच. दादाकडे वळून म्हटलं, हे तू मनाचं सांगितलं होतंस? तो हसायला लागला. पोट धरून. दिवाळीनंतर पहिल्यांदा. वहिनी आतून धावत आली, तिला वाटलं ठसका लागला.

हसणं थांबल्यावर म्हणाला, "तसं पाहिजे होतं."

तीन शब्द. तिन्ही बरोबर.

बसमध्ये मला राग आला, मग गेला, मग परत आला. माझं आयुष्य ज्या वाक्यावर उभं, ते वाक्य त्या पिक्चरमध्ये नाहीच. आता कुणाकडे तक्रार करू?

१६ मार्च, रवि

चौथा भाग. माझा आवडता. बाहत्तर-त्र्याहत्तरला पाहिला होता, तेव्हा रडले होते.

यात जहाज जुनं झालंय, भिंतींना गंज. धान्य संपतंय. कॅप्टनचे केस पांढरे, तो चुकतो आणि चुकलो म्हणतो. शेवटी जहाज डॉक्टरीणच चालवते. पहिल्या तीन भागांत तिला फक्त बसायला सांगतात. म्हणून मी मधल्यांची बाजू घ्यायचे. दादा म्हणायचा, "नलू, पहिल्यात विज्ञान चुकीचं होतं, पण शंका खऱ्या होत्या. मधल्यात नुसता उसासा आहे." मी म्हणायचे, तू मास्तर आहेस, तुला फळ्यासमोर उभी माणसं आवडतात.

आज मला अर्ध्यात झोप लागली. काल रात्रपाळी होती. जागी झाले तेव्हा अंगावर चादर, पिक्चर संपून पडद्यावर मुंग्या, दादा तसाच बसलेला.

खरं सांगायचं तर पूर्वीसारखा आवडला नाही. तेव्हा वाटायचं, किती खरं दाखवलंय. आता थकलेली माणसं बघायला कॅसेट कशाला आणायची?

दादाने उसासा टाकून दाखवला, मुद्दाम, माझी नक्कल केल्यासारखा. जुनं भांडण न बोलता जिंकला.

२५ मार्च, मंगळ

वहिनी संध्याकाळी घाटकोपरला आली. एकटी कधी येत नाही. मी भात टाकला. जेवायला नको म्हणाली, मग जेवली.

तिचं म्हणणं असं. दादा सुधारतोय, तिला दिसतंय. पण पूर्वीसारखा होणार नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलंय. आता बोर्डासमोर तो चार वाक्यं नीट बोलला तर फिट ठरवतील. जूनला वर्गात उभा राहील. पन्नास पोरं. आम्लाला साबण म्हणेल. वर्षभरात संस्था त्याला काढेल आणि तेव्हा तिला घेणार नाही. आत्ताचं कबूल केलेलं आत्तापुरतं.

"थोडं बरं होणं सगळ्यात वाईट आहे, नलू," ती म्हणाली. "पूर्ण बरे झाले असते तर मी नाचले असते. झालेच नसते तर रडून मोकळी झाले असते."

मी विचारलं, मग काय, पिक्चर आणू नको? ती म्हणाली, आण. त्या दिवशी हसले ते मला परत ऐकायचंय. फक्त बोर्डाच्या दिवसापर्यंत बाहेर कुणाला सांगू नकोस की ते बोलतात.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. लग्न होऊन आली तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, ते तसंच राहिलं. तिच्या कानाशी लागून कुणी काही सांगितलं नाही.

६ एप्रिल, रवि

सहावा भाग, नवा. या कॅसेटची फार मागणी, लायब्ररीवाल्याने उपकार केल्यासारखी दिली.

कॅप्टन दुसराच, तरुण. म्हाताऱ्याचा फोटो एकदा भिंतीवर दिसतो, बस. डॉक्टरीण नाहीच. एक बोलका डबा आहे, तो विनोद करतो. जहाज चकाचक, तारे सुसाट मागे जातात, दर दहा मिनिटांनी काहीतरी फुटतं. वहिनीही येऊन बसली होती. तिला हाच आवडला. म्हणाली, निदान काहीतरी होतंय तरी.

मी मुद्दाम दादाला डिवचलं. म्हटलं, बघ, तुझ्या पहिल्या भागात जहाज पुठ्ठ्याचं होतं, दार ढकललं की भिंत हलायची. हे बघ कसं खरंखुरं.

"दिवे," दादा म्हणाला. मग बराच वेळ शोधत राहिला. "नुसते दिवे."

मी म्हटलं, पुठ्ठ्यापेक्षा दिवे बरे.

"पुठ्ठा. हो. पण टेबल... टेबलाला बसून, ते... विचार करायचे. चुकायचे. मग परत... साबण... परत विचार." हात आपटला. "हे थांबत नाहीत. थांबल्याशिवाय कसं... कसं कळणार?"

घामाघूम झाला. मी म्हटलं, आणि मधले? तो म्हणाला, मधले थांबले ते थांबलेच. आणि डोळे मिचकावले.

आम्ही असेच भांडत बसलो, चहा होऊन गार झाला. शब्द भलते येत होते, पण मागे माणूस होता. अख्खा. तीन काळांचे पिक्चर डोक्यात शेजारी ठेवून तोलत होता. मांजर विचारतात याला.

वहिनीने उठून टीव्ही बंद केला. "पुरे आता," म्हणाली. दादाला वाटलं त्याच्या दमण्यामुळे. मला माहीत होतं कशामुळे.

१४ एप्रिल, सोम

जयंती. वसाहतीतल्या विहारासमोर मांडव. दरवर्षी दादाचं भाषण असतं. या वर्षी त्याला पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. जुने विद्यार्थी येऊन पाया पडत होते. तो सगळ्यांना ओळखत होता, नाव एकाचंही आलं नाही.

मंडळाच्या कुणीतरी चांगल्या मनाने माइक त्याच्यापुढे धरला. सर, दोन शब्द. मी नको म्हणेपर्यंत त्याने घेतलाच.

"मित्रांनो," म्हणाला. स्वच्छ, पूर्वीसारखं. लोक गप्प झाले. आणि मग काही नाही. ओठ हलत होते. माइकमधून श्वास ऐकू येत होता सगळ्या वसाहतीला. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि माइक काढून घेतला.

घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजला. खांदे हलत होते. वहिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. मी निघाले. दु. ड्यूटी होती, उशीर झाला, ओरडा खाल्ला. बरं वाटलं ओरडा खाऊन.

२० एप्रिल, रवि

कॅसेट नेली नाही. आज वहिनीने त्याला सगळं तोंडावर सांगितलं. माझ्यासमोर, मुद्दाम. म्हणाली, तुमच्या मागे आम्ही दोघी ठरवतोय, ते मला पटत नाही.

बोर्ड, संस्था, ऑफिसातली नोकरी, जून, सगळं क्रमाने सांगितलं. दादा नीट ऐकत होता. वर्गात मुलं ऐकावीत असं त्याला वाटायचं, तसा.

झाल्यावर म्हणाला, "वर्ग."

वहिनी म्हणाली, पोरं हसतील तुम्हाला.

"हसू दे. वर्ग."

वहिनी उठली. आत जाऊन गॅस पेटवला, उगाच, वर काही न ठेवता. थोड्या वेळाने तो स्वतः उठला, भिंत धरत आत गेला. दोघं काय बोलले माहीत नाही. म्हणजे ती काय बोलली. मी बाहेर बसून राहिले. यात माझा आवाज कुठे बसतो ते कळेना.

२५ एप्रिल, शुक्र

बोर्ड झाला. रजेचं सांगायचं तर ही बिनपगारी.

रिक्षाने गेलो तिघं. दादाने स्वतः दाढी केली होती, हनुवटीखाली थोडी राहिली होती. आत नातेवाइकांना सोडत नाहीत. आम्ही दोघी बाकावर. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांचा आवाज यायचा. नाव काय, शाळा कुठली, आज वार कोणता. नाव त्याने सांगितलं, ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, वर्गात काय शिकवता ते थोडक्यात सांगा.

आतून फक्त पंख्याचा आवाज. मी हेडफोनवर दिवसभर गप्प माणसं ऐकते. लाइन तुटल्याची शांतता वेगळी आणि पलीकडे कुणीतरी असून न बोलण्याची वेगळी, हे मला कळतं. आज कळलं नाही. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे नाही.

बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट परस्पर शाळेला जाईल, पंधरवडा लागेल.

वहिनी रिक्षा बघायला रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "दादा, शब्द येत नव्हते, की तू बोलला नाहीस?"

त्याने रस्त्याकडे, वहिनीकडे पाहिलं.

"दोन्ही," म्हणाला.

तेवढ्यात वहिनीने हाक मारली, रिक्षा उभी होती. त्यांना खाली सोडून मी तशीच स्टेशनला आले. वहिनीला हे सांगायचं की नाही, ठरत नाहीये. सांगितलं तर तिला आयुष्यभर वाटेल, तिच्या नोकरीसाठी त्याने वर्ग सोडला...

उद्या स. ड्यूटी.