पहिलं कडवं

बोईसर, सोमवार

प्रिय दादा,

आईचा आवाज आता परत येणार नाही. पालघरच्या डॉक्टरांनी आज सकाळी तपासून तसं स्पष्ट सांगितलं. घशातली गाठ पूर्ण निघाली आहे, बाकी तब्येत बरी आहे. जेवते, अंगणात बसून बोंबील निवडते, काही हवं असेल तर टाळी वाजवते. परतताना रिक्षात तिने माझ्या मांडीवर टाळीचा ठेका धरला. तेजलच्या हळदीचं गाणं कोण म्हणणार, असं तिला विचारायचं होतं.

तुझ्या भाचीची, माझ्या तेजलची हळद येत्या गुरुवारी आहे, दांडीला, आपल्याच अंगणात. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आपल्या धाकट्या अंकुशच्या हाती देते आहे.

गाणं आईचंच लागेल. तीन वर्षांपूर्वी अंकुशच्या हळदीआधी तिचा घसा अधूनमधून धरायचा, म्हणून मी तिला आमच्या स्टुडिओत आणून गाणं रेकॉर्ड केलं होतं. कानांवर हेडफोन चढवल्यावर ती म्हणाली होती, “मेघाली, यानं माजा अंबाडा मोडला तं तुला सोडनार नाय.” तेच रेकॉर्डिंग आज पुन्हा उघडलं. नवऱ्याच्या जागी अंकुशचं नाव होतं, तिथे भाचीच्या कडव्यातलं ‘तेजल’ उचलून बसवलं. पहिल्यांदा जोड कळत होता. मग सांधा आईच्या श्वासावर नेला, दोन्ही तुकड्यांची टोकं थोडी एकमेकांवर चढवली, आणि आता मलाही तो ऐकू येत नाही.

हे काम तू कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या दिसतात. नको तो भाग कापला की पट्टी तिथे आखूड होते, पण मूळ आवाज पुसला जात नाही. पट्टीचं टोक धरून बाहेर ओढलं की झाकलेलं सगळं परत दिसतं.

अंकुशच्या हळदीला तू आला होतास. ज्याचं नाव गाण्यात येतं तो उठतो आणि हळद लावतो, ही आपली रीत. तू खांबाशी उभा राहून सगळी कडवी ऐकलीस. काकांचं, आत्याचं, माझं, अगदी चिमुकल्या हेतलचंसुद्धा नाव आलं. तुझं आलं नाही. न जेवता तू उंबरगावला परत गेलास, तो गेलासच. आईने नाव गाळलं असं तू धरून बसलास. आईने मला विचारलं, तेव्हा मी कॉम्प्युटरवर ढकललं. “येवडा मोटा कॉम्प्युटर, नि माजा पोरगाच खाल्ला?” एवढंच ती म्हणाली.

दादा, ते कडवं मी कापलं होतं. बाबांच्या आजारपणात तू दोन दिवसांच्या वर राहिला नाहीस, याचा राग मला होता. आईला कधीच नव्हता. आज टोक ओढलं तेव्हा तुझं कडवं जसंच्या तसं निघालं, आणि त्याच्याआधी तिचं बोलणंही. “धीरजचा नाव पयला घे गो, मोठा हाय तो. नाय नाय म्हनतो, पन येल.” हे वाक्य त्या वेळी मी हेडफोनमधून ऐकलं होतं आणि तरीही कापलं. तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुझ्यासमोर सांगेन.

गुरुवारी पाच वाजता गाणं सुरू होईल. पहिलं कडवं तुझं आहे. त्यापुढे आईच्याच सोळा टाळ्या जोडून ठेवल्या आहेत. फाटकापासून पाटापर्यंत मी स्वतः चालून मोजलं, तेवढ्या पुरतात. त्या संपेपर्यंत दुसरं कडवं लागणार नाही.

तुझीच,
मेघाली