सुपांची शाळा

बाई, आपली शाळा या मार्चनंतर बंद होतेय. तुम्हाला जाऊन आणि शाळा माझ्याकडे येऊन एवढी वर्षं झाली, आणि पहिली बातमी द्यायची तर ही. टॉवेलच्या गोदामावरच्या त्या दोन खोल्या अजून तशाच आहेत. खाली गठ्ठे बांधतात आणि वर आमची आठवी ते दहावी. मुलंही तशीच येतात. दहावीच्या निकालाला गालबोट नको म्हणून मोठ्या शाळा ज्यांच्या हातात नववीतच दाखला ठेवतात, ती सगळी आपली. निम्म्या मुली विणकरांच्या वस्तीतल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, आईबरोबर विड्या वळणाऱ्या. थोडी उर्दू बोलणारी मुलं, दुधनीकडून आलेली कानडी भावंडं, आणि सांगोल्याकडचा एकजण, जो घरच्यांबरोबर मेंढरांमागे गेला की महिनोन्‌महिने दिसत नाही. असा वर्ग भरल्यावर निकाल कसा लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. तरी दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमच्याच शाळेचा निकाल एवढा कमी कसा?" मी आता उत्तर देणं सोडून दिलंय.

मी स्वतः मोहोळ तालुक्यातून, नववीत दोनदा गटांगळ्या खाऊन तुमच्या दारात आले होते. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. माझी गुणपत्रिका तुमच्यापुढे धरून ते म्हणाले, "लई ढ हाय बाई. मारा, झोडा, पन हिला पास करा." तुम्ही त्या कागदाकडे बघितलंही नाहीत. मला विचारलंत, "सकाळी घरात तुला काय काम असतं गं?" हा प्रश्न तुम्ही प्रत्येकाला विचारायचात आणि त्यावरून शाळेची वेळ ठरवायचात. म्हणून आपली शाळा दुपारी भरायची, मुली कारखान्यात विड्या देऊन आल्यावर. त्यातूनही जिचं काम उरायचं ती सूप घेऊन वर्गात यायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, समोर फळ्यावर तुमची भूमिती. "हात चालू दे, कान इकडे," एवढीच तुमची अट. पहिल्याच आठवड्यात त्या वासानं मी नाकाला ओढणी लावली आणि शेजारणीपासून लांब सरकले. तुम्ही खडू खाली ठेवलात. "वास येतोय? मग तिला पानं कापून दे. लवकर संपेल, सूप जाईल." सगळ्या वर्गादेखत. पुढे कितीतरी दिवस मी पत्र्याच्या मापावर पानं कापतेय, कात्रीनं बोटं सोललीत, आणि ती शेजारीण वळता वळता मला गणित सांगतेय. मला उदाहरणातलं मराठी कळायचं, गणित नाही. तिला गणित कळायचं, मराठी नाही. दोघी मिळून पास झालो. तेव्हा तुमचा फार राग आला होता, आणि त्यानंतर आला तो थेट यंदा.

जुलैत तपासणीला साहेब आले. जिना चढून वर आले आणि दारातच थबकले. "ही शाळा आहे का कारखाना?" मला वाटलं होतं, असा प्रसंग आला तर मी तुमच्यासारखं ठणकावून बोलेन. पण बाई, ते चुकीचं बोलत नव्हते. पंधरा वर्षांची पोर वर्गात बसून तंबाखू हाताळतेय आणि मी समोर प्रमेय शिकवतेय, हे मी कुठल्या तोंडानं पटवून देणार होते? तुम्ही हे कसं निभावलंत? का तुमच्या काळात कुणी तो जिना चढून आलंच नाही? मी दुसऱ्या दिवसापासून सूप बंद केलं. आणि मला खरोखर वाटलं की आता पोरींचे हात मोकळे झाले, आता त्या लिहितील, निकाल वर येईल. कसलं काय. पंधरा दिवसांत अर्धा वर्ग रिकामा झाला.

त्यात एक दहावीतली होती. तुम्ही तिला डोक्यावर घेऊन नाचला असतात. मी फळ्यावर लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. मी तिच्या घरी गेले. मायलेकी उंबऱ्यापाशी सूप घेऊन बसलेल्या. आई म्हणाली, "शिकू दे की बाई, मी कुटं न्हाय म्हन्ते? पन हिच्या हातचं काम कोन करनार? तुमच्या साळंत बसून होत होतं, तवर पाठवलं." मी म्हटलं, दहावी झाली तर हे काम कायमचं सुटेल. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या साळंतली पास तरी होत्यात का?" रागानं नव्हे, साधं विचारलं. पोरीनं मान वर न करता विचारलं, "बाई, वर्तुळाचं प्रमेय झालं का शिकवून?" ते कधीच झालं होतं. मी म्हटलं, "नाही गं, तुझ्यासाठी थांबलोय." तिनं हसून मान डोलावली, आणि मला तिथून कधी एकदा उठते असं झालं.

दिवाळीनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. चहा मागवला, बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले. "मॅडम, पट नाही, निकाल नाही. मी कुणापुढं काय मांडू?" उरलेल्या मुलांना आसपासच्या शाळांत घेतील म्हणाले. त्या शाळांनीच त्यांना बाहेर काढलंय, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. मी भांडेन अशी बहुधा त्यांची तयारी होती. मी फक्त मान हलवली.

आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, घरात कुणी गेल्यासारखं. त्यांना वाटतं मी खचलेय. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी शेंगाची चटणी आणि भाकरी पोटभर खाल्ली आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. मला हायसं वाटलं, बाई. लाजही वाटली, पण नंतर. हे लिहून तुमच्या तसबिरीमागे ठेवायचं मनात होतं, पण नाही ठेवणार. तुम्ही एकच विचारलं असतंत, त्या पोरीचं पुढे काय झालं. मला माहीत नाही. तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि मी हल्ली लांबच्या रस्त्यानं घरी जाते.