एकशे अठ्ठेचाळीस

११ मे २०१२

शहाण्णव! सकाळी सत्त्याण्णव, आत्ता शहाण्णव. इटलीजवळच्या तिरेनियन समुद्राच्या याच तळावर, साडेतीन हजार मीटर खाली, अकरा वर्षांपूर्वी मी एकशे अठ्ठेचाळीस मोजले होते. चौरस मीटरला एकशे अठ्ठेचाळीस मिलिवॉट. तो आकडा आता पाठ्यपुस्तकात आहे. माझी नोकरीही त्याच्यावरच.

तळातून वर येणारी उष्णता अकरा वर्षांत एक तृतीयांशाने आटत नाही. म्हणजे दोनपैकी एक आकडा खोटा. अर्थात आजचा!

१२ मे

दोष तार सोडणाऱ्या विंचवर ढकलला. तापमापकं बसवलेला भाला तळाच्या गाळात रुतला की सात मिनिटं तार ढिली हवी. जरा ओढ बसली की भाला घासून तापतो आणि सगळं वाया. आनिएल्लो तीस वर्षं विंच चालवतोय. त्याला चारचौघांत बोलले. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, सासू झोपलेली असली तरी मी घरात इतक्या हळू पावलं टाकत नाही!" सगळे हसले. मी नाही.

नंतर आलेख पाहिला. भाला तसूभर हलला नव्हता. माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

१३ मे

शहाण्णव.

१४ मे

जेवताना मोहिमेचे प्रमुख प्राध्यापक तार्चिझिओ: "ओर्नेल्ला, भाला बिघडला असं लिही आणि सोड ना. एका आकड्यासाठी जहाज अडवून ठेवायचं का?" मोह झाला — खरंच झाला.

पण भाला बिघडलेला नाही. रुतवण्याआधी रोज त्याला तळाच्या थोडा वर दहा मिनिटं टांगून ठेवतो. तिथलं पाणी सारखंच थंड. त्यामुळे भाल्यावरच्या सातही तापमापकांनी एकच तापमान दाखवायला हवं. जो चुकतो तो तिथेच सापडतो. २००१ मध्ये मी हे टांगणं गाळलं होतं. वारा चढत होता, आणि डेकवर बर्फाच्या पाण्यात मापकं तपासली होतीच की! बर्फाचं पाणी म्हणजे शून्य अंश.

फुल्वियो तेव्हा माझ्या जोडीला होता. पुढे सभेत उठून म्हणाला, "आकडा जास्त वाटतो. परत मोजावा." मी विचारलं, "कारण?" तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. समितीने त्याच्याबद्दल माझं मत मागितलं, तेव्हा मी लिहिलं — निराधार शंका घेतो. त्याच्या नोकरीची मुदत वाढली नाही. आता सावोनाला शाळेत शिकवतो.

१५ मे

आनिएल्लोची माफी मागितली. त्याने कॉफी पुढे केली, भाल्याच्या लोखंडाला बोट लावलं — इडापीडा टळावी म्हणून दर वेळी लावतो — आणि म्हणाला, "या खेपेला माझा बर्फ नाही पळवलात?"

"कुठला बर्फ?"

"घ्या! अकरा वर्षांपूर्वी वरची तीन मापकं तपासून झाली आणि तुमचा बर्फ संपला. मग फुल्वियोसाहेब माझ्या मांदेलीखालची बर्फाची बादली उचलून घेऊन गेले. मासे नासले आणि जहाजभर शिव्या कुणाला? मला!"

मांदेलीखालचा. म्हणजे मासे टिकावेत म्हणून मीठ घातलेला. खारा बर्फ शून्याच्याही खाली जातो. एक दशांश अंश खाली धरला तरी पुरे. मी त्यालाच शून्य म्हटलं, म्हणजे खालची चार मापकं पुढे कायम तेवढी गरम दाखवणार, आणि खालच्या-वरच्या फरकावरूनच तर आम्ही उष्णता मोजतो. हिशेब केला. पन्नासेक मिलिवॉट. फरक तेवढाच!

पहिला विचार काय आला तोही लिहून ठेवते: बादली फुल्वियोने आणली होती.

मग आठवलं. तो बादली घेऊन दारात उभा. "हा चालेल?" मी वहीतून मान वर न करता — "चालेल, चालेल."

१६ मे

जहाजावरून फुल्वियोला फोन केला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "तो बर्फ खारा होता हे तुला माहीतच नव्हतं? सभेत मी थांबलो होतो, तू स्वतः सांगशील म्हणून. अकरा वर्षं मी समजत होतो, तू लपवलंस."