वाघ्याच्या अळणी चानक्या

रविवार, दिवाबत्ती झाल्यावर

आज वाघ्यानं खाल्लं! आजारपणापासून आमच्या या म्हाताऱ्या कुत्र्यानं विकतच्या बिस्किटांना तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणालेले, मीठ-गूळ बंद. मग मीच लाल भोपळा शिजवून ज्वारीच्या पिठात मळला, चानक्या, म्हणजे छोट्या जाडसर भाकऱ्या, खरपूस भाजल्या. हात मात्र सारखा मिठाच्या बरणीकडं.

आधी खंडोबाला नैवेद्य दाखवला. अळणी नैवेद्य देवाला चालत असेल का?

हे हसले, "कुत्र्याच्या खाण्याचा नैवेद्य कशाला?"

म्हटलं, "तसबिरीत देवाच्या पायाशी कुत्रंच हाय, बघा की!"

वाघ्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. संध्याकाळी हेच शेजारच्या अण्णांना सांगत होते, "विकतचं न्हाई, आमच्या हिनं केलंय!" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण लई बरं वाटलं.