किटली बंद न होणे: जोखीम फक्त वीस

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. आयुष्याला शिस्त हवी. ही लेकीकडे गेल्यापासून घर अगदी शांत. विचार करायला उत्तम. कंपनीच्या नव्या इलेक्ट्रिक किटलीचं रिस्क अॅनालिसिस माझ्याकडे आलंय. येणारच. क्वालिटीत माझ्याइतका अनुभव आहे कुणाला?
पद्धत साधी. प्रत्येक संभाव्य बिघाडाला तीन आकडे, प्रत्येकी दहापैकी: किती गंभीर, किती वेळा होईल, आणि वेळेत लक्षात येणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार. ज्याचा आकडा मोठा, त्याचं काम आधी.

६ फेब्रुवारी
घरालाही हीच पद्धत लावली. पहिला नंबर गॅस संपणे. दुसरा इस्त्रीचे शर्ट संपणे. ‘ही परत न येणे’ सगळ्यात खाली. गंभीर दहा, पण आजवर कधी झालेलं नाही म्हणून एक, आणि तसं काही असेल तर लगेच कळेलच म्हणून पुन्हा एक. एकूण दहा. गॅस बुक केला.

७ फेब्रुवारी, दुपार
मीटिंग गाजली. झाकणावर ओरखडे पडणे: एकशे ब्याण्णव. उकळल्यावर किटली आपोआप बंद न होणे: वीस. शेवटची ओळ.
गिऱ्हाइकांच्या तक्रारी झेलणारा आमचा सर्व्हिसवाला म्हणाला, “अहो, ओरखड्यानं कुणी भाजत नाही. गंभीर दहा आलं की गुणाकार कितीही असो, ते आधी बघायचं.” मी म्हणालो, गणित भावनेवर चालत नाही. त्यानं वही मिटली. पटलं असावं.

१० फेब्रुवारी, रविवार
हिला फोन. छान गप्पा. ओरखड्यांचं सगळं सविस्तर सांगितलं. ही “हं, हं” करत होती. मागून लेकीचा आवाज, “आई, अजून किटलीच चालू आहे?” मग फोन कट झाला. नेटवर्कचं काही खरं नाही.

१३ फेब्रुवारी
रात्री ब्रेड-जॅम. सकाळीही तेच. हलका आहार बरा. उद्यापासून पहाटे फिरायला.

१४ फेब्रुवारी
बूट चावतात. नवे घेतल्यावर फिरायला.

१८ फेब्रुवारी
ट्रायलची किटली कॅन्टीनमध्ये लावली होती. बंदच झाली नाही. पाणी आटलं, तळ वितळला. कॅन्टीनच्या बाईंनी घाईनं उचलली आणि तळहात भाजला.
दवाखान्यात जाऊन आलो. बाईंचा नवरा कामावरून तसाच धावत आला होता. शेजारी बसून हातावर फुंकर घालत होता. फार दुर्मिळ प्रकार आहे हा, असं मी म्हणालो. त्यानं वर बघितलंही नाही. थोडा वेळ उभा राहिलो. खुर्ची एकच होती.

१९ फेब्रुवारी
मॅनेजरनं बोलावलं. किटली आता सर्व्हिसवाल्याकडे. मी पॅकिंग बघायचं. माझा ताण त्यांच्या लक्षात आला म्हणायचा. पॅकिंग तसं महत्त्वाचंच.
डब्याच्या वेळी टेबलावर मी एकटाच. बाकीचे मीटिंगमध्ये असतील.

२१ फेब्रुवारी
हिला फोन. कामाची नव्यानं वाटणी झाली म्हणून सांगितलं. ही म्हणाली, “शनिवारी येते.” एवढंच. पण येते! आकडे खोटं बोलत नाहीत. पडदे धुतले. एक आटला.

२३ फेब्रुवारी, शनिवार
आली. बरोबर जावई. शिलाई मशीन न्यायला.
लेकीच्या घराजवळ शिवणाचा क्लास आहे, तिथे शिकवायला लागली आहे म्हणे. मी म्हणालो, अगं, आधी बोलली असतीस तर?
“बोलले होते हो. तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”
मला आठवेना.
“मी चिडून नाही जात,” ती म्हणाली. “तिथे संध्याकाळी कुणीतरी विचारतं, आज काय केलंस म्हणून. बरं वाटतं.”
काय केलंस आज, असं विचारावं असं वाटलं. पण जावई मशीन घेऊन जिना उतरत होते, कोपरा लागेल म्हणून मी तिकडे ओरडलो. मशीनला काहीही झालं नाही.
दाराशी थांबून हिनं विचारलं, “जेवलात का?”
हो म्हणालो.
टेम्पो गेला. जेवण दोघांचं मागवून ठेवलं होतं, ते तसंच फ्रीजमध्ये टाकलं. उद्याची सोय झाली.