राजनंदिनीची फ्रिंज

३० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.१५, गाडीत
वडगाव निंबाळकर सोडलं. ह्यांना यायचं नव्हतं, ते घरीच. मुलाच्या, ऋषिराजच्या ठिबक कंपनीची डीलर मीटिंग आहे, उजनीच्या पाण्याकाठी एका रिसॉर्टवर, रविवारपर्यंत. फॅमिलीसकट बोलावलंय. ऋषिराज आणि सूनबाई वृषाली कार्यक्रमांना जाणार, अकरा महिन्यांची राजनंदिनी माझ्याकडे. संपूर्ण माझ्याकडे.
हे तीन दिवस फार महत्त्वाचे. सोळा फेब्रुवारीपासून वृषाली बारामतीच्या बँकेत परत रुजू होणार; दोघं राहतातही तिथेच. सोमवार ते शुक्रवार बाळ कुणाकडे, माझ्याकडे की निरवांगीला तिच्या आईकडे, कौसल्याबाईंकडे, हे ठरायचं आहे. वृषाली म्हणते, रिसॉर्टहून आल्यावर बघू. म्हणजे ही परीक्षाच. मी लहानपणापासून परीक्षेत चांगली.
संकल्प: घड्याळाप्रमाणे दूध, घड्याळाप्रमाणे झोप. खरेदी अजिबात नाही.

दुपारी ४.००
रिसॉर्टने मागच्या बाजूला एक अख्खी गल्लीच बांधली आहे. 'हॅपी स्ट्रीट'. टोप्या, बांगड्या, गुळाची चॉकलेटं, कॉफी, टॉय ट्रेन, प्लास्टिकच्या चेंडूंचं तळं, लहान मुलांचं सलून. प्रॅम ढकलत तीन फेऱ्या मारल्या. पाचगणीच्या बाजारात शनिवारी कॉन्व्हेंटच्या सिस्टर आम्हाला रांगेने फिरवायच्या, तसं वाटलं. फक्त रांगेत आता दोघीच.
टॉय ट्रेनमध्ये बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "बाईसाहेब, बाळ झोपलंय की." म्हटलं, तिला झोपेतही मजा येते. आणखी दोन चकरा मारल्या.
दोन फ्रॉक आणि एक लाकडी बदक घेतलं. ही खरेदी नव्हे. बाळाची गरज.

संध्याकाळी ७.००
झोपेचं वेळापत्रक थोडं हललं. ट्रेनमध्ये दुपारभर झोपल्यामुळे आता टक्क जागी आहे. माझं बोट धरून ठेवलंय, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे.
ऋषिराजच्या वेळी सगळं सासूबाईंनी केलं. न्हाऊ घालणं, धुरी, घुटी, झोपवणं. मला फक्त पाजायला बोलवायच्या आणि पाजून झालं की घेऊन जायच्या. "तू कॉन्व्हेंटची, तुला काय जमायचं?" तो चालायला लागला तेव्हासुद्धा मी बातमी ऐकली.
या वेळी बातमी मी देणार.

३१ जानेवारी, शनिवार. सकाळी १०.४०
राजनंदिनीचे केस डोळ्यांत जातात. सारखी डोळे चोळते. पुढच्या रविवारी, आठ तारखेला, तिचं जावळ आहे, निरवांगीच्या देवळापुढे. बोकड ठरला आहे, दीडशे माणसं जेवायला आहेत. जन्माच्या केसांना पहिली कात्री लागायची ती गोकुळमामाच्या मांडीवरच. मला पूर्ण मान्य आहे. पण तोपर्यंत पोरीने जग पडद्याआडून बघायचं?
आणि कपाळावरची फ्रिंज कापणं म्हणजे काही जावळ नव्हे. आमच्या सिस्टर अ‍ॅग्नेस महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांची फ्रिंज कापायच्या. कुणाचा मामा कधी आला नाही.
दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही.

सकाळी ११.५०
फ्रिंज झाली. जवळजवळ.
सलूनमध्ये मोटारीसारखी खुर्ची. कारागीर साठीचा, शर्टावर 'मॅक्स' अशी पट्टी. खरं नाव म्हस्कू, त्यानेच सांगितलं. कात्री हातात घेतली आणि थांबला. "बाईसाहेब, जावाळ झालंय न्हवं हिचं?"
मी हो म्हटलं. खोटं नाही, आगाऊ.
"कुठल्या देवाला?"
"घरीच," म्हटलं. जरा विचित्र बघितलं त्याने.
पहिली कात्री सुरेख पडली. नेमकं त्याच वेळी राजनंदिनीने स्टिअरिंग फिरवलं आणि मानही. उजवीकडे खाच पडली. ती बरोबर करायला डावीकडे घ्यावं लागलं. मग कानावरचे केस लोंबायला लागले, ते घेतले. मग पुढून आखूड आणि वरून उंच दिसायला लागलं. मी म्हटलं, सारखं करा. तो सारखं करत गेला.
गप्पा चालूच होत्या. "मामाचं गाव कुठलं म्हणायचं?" मी अभिमानाने सांगितलं, निरवांगी, गोकुळराव, डाळिंबवाले. त्याचा हात तिथेच थांबला. मागे टाळूजवळ मूठभर केस राहिले होते. ते काही केल्या कापेना. "एवढं ऱ्हाऊ द्या बाईसाहेब. कात्रीची धार गेली."
इतकं मोठं रिसॉर्ट आणि धार नाही! टिप दिली नाही.

दुपारी १२.१५
टोपी घेतली. गुलाबी, लोकरीची, कानापर्यंत येणारी.

दुपारी १.००
तिने ती टॉय ट्रेनमधून फेकली. पिवळी घेतली, हनुवटीखाली बंद असलेली.

दुपारी ३.३०
बंद तिने चावून ओला केला आणि सोडवला. सशाचे कान असलेली घेतली. दुकानदारीण म्हणाली, "मावशी, तुमाला टोप्यांचा लई नाद हाय." हसून म्हटलं, बाळाला आवडतात.

रात्री ८.००, जेवून आल्यावर
सगळं उत्तम चाललं आहे. वृषालीने विचारलं, टोपी कशाला? म्हटलं, पाण्यावरचा वारा. थोड्या वेळाने तिला फोन आला, बाहेर जाऊन बोलून आली. आल्यावर टोपीविषयी पुन्हा एक शब्द नाही. पटलं तिला.
आठवडाभरात बाळाचे केस किती वाढतात, हे मोबाइलवर शोधलं. उत्तर समाधानकारक नव्हतं. पण आमच्या घराण्यात केस पहिल्यापासून जोमदार.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.३०
कौसल्याबाई आणि गोकुळ अचानक आले! जीप घेऊन, भल्या सकाळी. "फ्लेमिंगो बघाय आलो," म्हणाल्या. बाईंना पक्ष्यांची एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं. पाण्याकडे मात्र पाठ करून बसल्या आहेत.
राजनंदिनीला मांडीवर घेतलं. सशाच्या कानांवरून हात फिरवत म्हणाल्या, "टोपी लई ग्वाड हाय, विहीणबाई. झोपंत बी काढत न्हाय व्हय?"
म्हटलं, ऊन.
"व्हय व्हय. सकाळचं आठाचं ऊन लई वाईट."
साधी बाई आहे. लगेच पटतं तिला.

दुपारी १२.००
खोलीचं दार लावून लिहिते आहे. एसी चालू आहे.
शेवटचं म्हणून सगळे हॅपी स्ट्रीटवर गेलो. राजनंदिनीला चेंडूंच्या तळ्यात सोडलं. ती खाली गेली, चेंडूंत दिसेनाशी झाली आणि वर आली ती टोपीशिवाय. डोकं बघून मीच दचकले. काल इतकं वाईट दिसत नव्हतं.
गंमत म्हणजे दुसरं कुणीच दचकलं नाही. गोकुळ खो खो हसायला लागला. "मावशी, म्हस्कूतात्या आमच्याच आळीतला हाय. पुढच्या रईवारी जावळाला त्योच येनार हाय की! काल दुपारीच फोन आलता. म्हनला, माज्या हातनं पाप झालं, पर मामासाठी मूठभर राखून ठिवलंय."
म्हणजे गोकुळला दुपारी कळलं, कौसल्याबाईंना चहाच्या वेळी आणि वृषालीला जेवताना. मी वाऱ्याबद्दल बोलले, त्यानंतर लगेच.
कौसल्याबाई पदरात तोंड घालून हसल्या. ऋषिराज मोबाइलमध्ये बघत राहिला. वृषाली एवढंच म्हणाली, "मम्मी, केस काय, येतील. सांगायला हवं होतंत."
तसं ओरडली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणजे रागावलेली नाही.
चढवला असता तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी, रविवार. निरवांगी
जावळ व्यवस्थित पार पडलं. गोकुळमामाच्या मांडीवर, त्याचं नवं धोतर, तिच्या हातात गुळाचा खडा. म्हस्कूने मूठभर केसांसाठी हळद-कुंकू लावलेली कात्री काढली. कट्. संपलं. हलगीवाल्याने अजून तालही धरला नव्हता.
बायका कुजबुजत होत्या. "आगं, आदीच कापल्याली दिसतीय!" मी मांडवाच्या खांबाकडे बघत उभी होते. तेवढ्यात कौसल्याबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावलं, "रिसॉर्टची फॅशन हाय ती. फ्रिंज म्हंत्यात तिला. पाचगणीची. तुमाला काय ठावं?"
बायकांनी माना डोलावल्या. एकीने माझ्याकडून स्पेलिंगही विचारून घेतलं.
घरी येताना गाडीत मी थोडी रडले. धुळीची अ‍ॅलर्जी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.००
निकाल लागला! वृषालीचा फोन. राजनंदिनी सोमवार ते शुक्रवार वडगावला. माझ्याकडे!
मला माहीतच होतं. एका फ्रिंजवरून माणसाची पारख होत नसते. वृषाली पुढे आणखी काहीतरी सांगत होती, कौसल्याबाईंबद्दल, पण मी आनंदात ह्यांना हाक मारत होते, नीट ऐकलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.००
गाडीतून राजनंदिनी उतरली. मागून कौसल्याबाई उतरल्या. त्यांच्यामागून गोकुळ, डोक्यावर ट्रंक घेऊन.
"आजपासून म्या बी हितंच, विहीणबाई. पोरगी म्हनली, दोगींवर बी लक्ष ठिव."
आदराने स्वागत केलं. बिचारीलाही सोबत हवीच.

सकाळी ९.३०
वृषाली छापलेलं वेळापत्रक फ्रिजवर लावून गेली. चार रंगांत. तिला वेळापत्रकाची शिस्त माझ्यामुळेच लागली असणार. न्हाऊ घालणं, कौसल्या आई. भरवणं, कौसल्या आई. झोपवणं, कौसल्या आई. अंगणात फिरवणं, कौसल्या आई. खाली, हिरव्या शाईत: दुपारी ४ ते ४.३०, मम्मी, कौसल्या आईंच्या समोर.
अर्धा तास म्हणजे काही कमी नाही. ऋषिराजच्या वेळी एका दिवसात सलग एवढा कधी मिळाला नव्हता.

दुपारी ३.४५
साडी बदलली. पावडर लावली. ओसरीवर सतरंजी घातली. लाकडी बदक मध्ये ठेवलं. तयार आहे.

संध्याकाळी ५.००
राजनंदिनी झोपली होती. कौसल्याबाई म्हणाल्या, उठवू का? मी नको म्हटलं. तिच्या उशाशी बसून राहिले.
साडेचारला उठली.