माहेराकडं उतार आहे

छत्रपती संभाजीनगर,
आषाढ वद्य सप्तमी

तीर्थरूप दाजी मल्हारराव यांस मुंजाबाचा गुलमंडीहून दोन्ही हात जोडून रामराम. (हात जोडलेत ते वयाला आणि नात्याला. आपलं भांडण आहे तिथंच आहे.)

तुमची शुगर कशी आहे? चहातली साखर बंद करून गूळ चालू केला, तो इलाज अजून चालूच असंल. अक्काचे गुडघे कसे? डावा जास्त दुखतो का उजवा, की आता दोघांनी वाटून घेतलंय? भाचा नानासाहेब साखर कारखान्यावरच आहे ना? सूनबाईची कंबर? थोरली म्हैस व्यायली का? आणि ते तुमचं कुत्रं, ज्यानं मागं माझं धोतर धरलं होतं, तेही खुशाल असावं, पण बांधलेलं असावं. आमच्याकडं सगळे बरे आहेत. माझा खोकला जागेवर आहे.

मागल्या गुरुवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "मुंजाबा, ते बॅटरीचं खेळणं माझ्या दारात आणायचं नाय. निम्म्या घाटात बसलं तर म्हातारीला काय पाठुंगळी घेऊन येतो?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. पत्राला मधीच ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण लिफाफ्यावर मी अक्काचंही नाव घातलंय, म्हणजे आधी तिला वाचून दाखवावं लागंल.

दाजी, तीन वर्षं झाली, अक्का पंचमीला माहेरी आली नाही. एसटीची पायरी तिच्या गुडघ्याला चढत नाही, जीपमध्ये चौदा माणसांत वाकून शिरता येत नाही. गेल्या साली भाड्यानं मोठी गाडी पाठवली, तर तिच्यात चढायला स्टूल लागलं आणि स्टुलावर चढवायला चार माणसं. तेव्हा अक्का म्हणाली, "राहू दे रे मुंजाबा. मला काय पोत्यावानी चढवतो का?" आणि घरात निघून गेली. ते "राहू दे" माझ्या काळजाला लागलंय. बहात्तराव्या वर्षी मी गाडी घ्यायला निघालो ते मिरवायला नव्हे. आणि तुम्ही नाय म्हणालात म्हणून थांबणाराही मी नव्हे.

घरातून आधी विरोध लेकाचा, रामकिसनचा. त्याचं म्हणणं, लाइटवरची गाडी घ्यायची तर एका चार्जिंगला पाचशे किलोमीटर जाणारी घ्यावी. मी विचारलं, पाचशेवर आपलं कोण राहतं? तर म्हणे, उद्या गोव्याला जायचं झालं तर. (लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यानं बायकोला अजून शेजारचं म्हैसमाळ दाखवलं नाही.) दाजी, आपण मेंढरामागं हिंडलेली माणसं. मेंढरू एका दमात किती चालतं, हे आपल्याला कुणी कागदावर लिहून दिलं होतं का? मोकळं असलं तर पाच कोस, गाभण असलं तर दोन, चढावर आणखी कमी, आणि पुढचा पाणवठा कुठं ते निघायच्या आधी ठरलेलं. कंपनीच्या कागदावरचा आकडा म्हणजे बाजारात मेंढरू विकणाऱ्यानं सांगितलेलं वजन. त्यातला तिसरा हिस्सा लोकर धरायची. तसं धरूनही, तुमचं कन्नड इथून साठ किलोमीटर. मला गोवा नको, मला तुमचं अंगण गाठायचंय.

मग मी, सून आशा आणि दुकानातली घोंगडी मोजायची टेप, असे तिघं गाड्या बघत हिंडलो. पहिल्या ठिकाणी छतात काच होती, बटण दाबलं की आभाळ दिसतं. जन्माचा अर्धा मुक्काम आभाळाखाली झाला, आता तेच बघायला जास्तीचे पैसे भरू का? दुसऱ्या ठिकाणी सीटमधून वारा येत होता. (वाईट नव्हता. पण अशा ठिकाणचा वारा सवयीचा झाला की माणूस घोंगडीवर बसायचा नाही, आणि आमचा धंदा घोंगडीचा.) एका गाडीच्या मागच्या बाजूला पाय हलवला की डिकी आपोआप उघडायची. मी सात वेळा पाय हलवला. सहा वेळा काहीच झालं नाही, सातव्यांदा उघडली ती आशाच्या हनुवटीला लागली. मी टेप लावून फक्त सीटची उंची मोजायचो. अक्काच्या खाटेपेक्षा चार बोटं वर, नको. सहा बोटं खाली, तर मुळीच नको, बसंल पण उठणार नाही.

तिसऱ्या दुकानात जमलं. खाटेला एक बोटच कमी, दार पार उघडतं, वर धरायला मूठ. तरी मी तेवढ्यावर भुललो नाही. अक्का जशी बसते तसा, गुडघा ताठ ठेवून, "आई गं" म्हणत अकरा वेळा बसलो-उठलो. तिथला विक्रीचा माणूस बद्रीनाथ, गळ्यात टाय, त्यानं पाचव्या वेळेला पाणी आणलं आणि आठव्या वेळेला आशाला हळूच विचारलं, "काकांना दवाखान्यात न्यायचं का?" मी म्हणालो, मला नाय, तुझ्या गाडीला न्यायचंय. दौलताबादच्या घाटावर. तो म्हणाला, चक्कर फक्त क्रांती चौकापर्यंत असते. मी म्हणालो, माझी बहीण क्रांती चौकात दिलेली नाय.

महिनाअखेर होती, त्याची एक गाडी खपायची राहिली होती. निघाला बिचारा. गाडी आशा चालवत होती. दिवसभर लोकांनी फिरवलेली, पडद्यावर एकसष्ट किलोमीटर शिल्लक. दौलताबादला दोन जण कांद्याची गोणी घेऊन हात करून उभे, ओळखीचे निघाले. आता तुम्हीच सांगा, रिकामी जागा असून ओळखीच्या माणसाला धूळ चारून पुढं जाणं आपल्यात बसतं का? घेतलं. वर एसी. घाट चढताना तो आकडा असा उतरायला लागला की बद्रीनाथ किलोमीटर मोठ्यानं वाचायचा आणि दर आकड्याला टाय सैल करायचा. खुलताबादेत पोचलो तेव्हा एकोणीस राहिले होते आणि टाय खिशात होता.

तिथं आपल्या बन्सीची पिठाची गिरणी आहे. तिच्यावर मोठा प्लग. पण गिरणी आणि गाडी एकदम चालवली तर फ्यूज उडतो, असं बन्सी म्हणाला. मी म्हणालो, मग गिरणी थांबव. तेव्हा दळणाच्या रांगेतून साळूबाई नावाची एक म्हातारी उठली. "का वं? तुमची गाडी काय आभाळातून पडली? माझा डबा सकाळपासून बसलाय. रांगेत लावा तिला." न्याय तर न्याय. गाडीला रांगेत लावली. दोन डबे गहू, एक पायली ज्वारी, साळूबाईची बाजरी, मग गाडी. बद्रीनाथनं कंपनीला फोन करून सांगितलं, "सर, आमचा पाचवा नंबर आहे." पुढं सर काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही.

तासभर चार्जिंग केलं, सदतीस झाले. कांदेवाले तिथंच उतरले होते आणि साळूबाईला वाटेतल्या मिटमिट्याला लेकीकडं जायचं होतं, तिला घेतली. तिचं पिठाचं पोतं मधल्या सीटवर ठेवलं तर गाडी ओरडायला लागली, पट्टा लावा, पट्टा लावा. शेवटी पोत्याला पट्टा लावला तेव्हा गप्प झाली. (पोत्याची एवढी काळजी करते, तर अक्काची किती करंल?)

आणि आता दाजी, डोळे पुसून वाचा. घाट उतरायला लागलो, आणि आकडा वाढायला लागला. सदतीसचे अडतीस, अडतीसचे चाळीस. मला वाटलं बिघडली. बद्रीनाथ म्हणाला, उतारावर चाकं फिरून बॅटरी भरते. घाटाच्या पायथ्याला एक्केचाळीस! मी आशाला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि खाली उतरून पागोटं काढून उभा राहिलो. म्हणजे बघा, कन्नडहून इकडं येताना गाडीला घाटाचा उतार आहे आणि तुमच्याकडं जाताना चढ. अक्काला आणायला कमी खर्च, पोचवायला जास्त. हे मी म्हणत नाही, पडदा म्हणतोय. तेव्हा आणायची घाई आहे आणि पोचवायची नाही, हे शास्त्रालाच धरून झालं.

रामकिसन अजून म्हणतो, पाचशेवाली घ्या. कंपनीनं बद्रीनाथमार्फत निरोप पाठवलाय, काकांना आणखी चक्कर देता येणार नाही. तुम्ही तर फोनच ठेवता. तिघांनाही माझं एकच उत्तर, पंचमीला अक्का माझ्या दारात उतरंल, आपल्या पायानं, कुणी न उचलता.

लहानांस आशीर्वाद, अक्काला साष्टांग. कुत्र्याला काही नाही.

तुमचा,
मुंजाबा

ता. क. गाडी घेऊ का, असं मी वर कुठं विचारलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असंल. ती कालच घेतली.

ता. क. दुसरा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? चढावर अक्काचा पाहुणचार, लुगडी, नारळ आणि आम्ही चार जण घेऊन यायचं, तर तुमच्याकडं पोचल्यावर गाडीला रात्रभर पाणी दाखवावंच लागंल. ओट्यावर एक मोठा प्लग बसवून घ्यावा. वायर जाड पाहिजे.

ता. क. तिसरा. अक्कानं शनिवारीच वायरमन बोलावून ओटा दाखवलाय, असं तिनं मला फोनवर सांगितलं. तुम्ही तेव्हा आत झोपला होतात. तिला बोलू नका. वायरमनला हो किंवा नाय तेवढं तुम्ही सांगायचंय. नाय म्हणालात तरी गाडी येणार. मग बॅटरी रिकामी, आम्ही चार जण तुमच्याकडंच मुक्कामाला, आणि निघायच्या दिवशी अक्का ऐटीत आत बसलेली, मागून ढकलायला एक माणूस कमी पडंल. तो कोण, हे तुमचं तुम्ही ठरवा आणि उलट टपाली कळवा. पंचमीला तेराच दिवस आहेत.